तिसरी मैफल

सॅमसन अमोलिक श्रीरामपूरला आमच्या हायस्कुलात संगीत शिकवतात. मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी आहेत, म्हणून त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधाचं शुद्धलेखन तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या निमित्ताने पाच-सहा वर्षांत त्यांच्या घरातलं आणि विद्यापीठातलं सगळंच मला कळत गेलं. ते स्वतः कमी बोलतात. पुष्कळ गोष्टी मला त्यांच्या बायकोने, हन्नावहिनींनी सांगितल्या. दोन-तीन वेळा मी स्वतः तिथे होतो.

त्यांचे वडील जेम्स मास्तर यांचा ब्रास बँड होता. ख्रिस्ती वसाहतीत तेव्हा असे चार-पाच बँड होते, त्यातला हा एक. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, लग्नसराईत श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तीन तालुक्यांत फिरायचं आणि एरवी ज्याचं त्याने कारखान्यात नाहीतर बाजार समितीत काम करायचं. जेम्स मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमध्ये गाणं क्लॅरिनेट उचलतं आणि बाकीचे त्याच्या मागे येतात, त्यामुळे ते वाजवणाराच मास्तर. मुलगे दोन. थोरला प्रभुदास ट्रंपेटवर, आणि त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान सॅमसन वडिलांच्या हाताखाली क्लॅरिनेटवर.

मास्तरांनी मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. नवरदेव घोड्यावर बसला आणि गाणं सुरू झालं की ते मारुतीच्या देवळापर्यंत तुटू द्यायचं नाही. पावसाची सर आली, कुणाला चक्कर आली, पुढं भांडणं लागली, काही झालं तरी. एकाचं थांबलं तर दुसऱ्याने उचलायचं. सॅमसन सर सांगतात की एकदा वडिलांच्या पायात काच घुसली होती आणि देवळापर्यंत ते रक्ताचे ठसे उमटवत चालले होते. ते कौतुकाने सांगत नाहीत. घडलं तसं सांगतात.

वडील गेले तेव्हा सॅमसन बीए करत होते. बँड प्रभुदासने चालवायला घेतला. त्याने भावाला शिकू दिलं. सर हे कधी विसरले नाहीत, आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यातूनच झालं. दिवसा कॉलेज, सराईत वराती, आणि आठवड्यातून दोनदा नगरला एका वृद्ध गायकांकडे राग शिकायला. गायकांनी क्लॅरिनेट कधी हातात धरलं नव्हतं. ते गाऊन दाखवायचे आणि सर वाजवून बघायचे. अशी दहा वर्षं गेली. मग संगीतात एमए झालं, आमच्या शाळेत नोकरी लागली, हन्नावहिनींशी लग्न झालं. वहिनी एका खाजगी दवाखान्यात नर्स आहेत.

दोन हजार सतराला सरांनी पुण्याकडच्या एका विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवलं. ही पीएचडी सादरीकरणाची. तिथे नुसतं लिहून भागत नाही. प्रबंध लिहायचा आणि त्याबरोबर परीक्षकांसमोर तासा-तासाच्या तीन मैफली द्यायच्या. विषय होता क्लॅरिनेटवरची मींड. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं. गळ्याला ते जमतं, सतारीच्या तारेला जमतं. क्लॅरिनेटला भोकं आणि चाव्या, त्यामुळे त्याचे सूर पायऱ्यांसारखे सुटे सुटे. सरांनी त्यावर उपाय शोधला होता. भोकावरचं बोट एकदम न उचलता कडेने हळूहळू सरकवायचं आणि त्याच वेळी खालच्या ओठाने माउथपीसला बांधलेल्या वेताच्या पत्तीवरचा दाब सैल करत न्यायचा. बोट आणि ओठ एका मापात चालले तर सूर वितळल्यासारखा खाली येतो. मला संगीतातलं काही कळत नाही, पण स्टाफरूममध्ये त्यांनी एकदा नुसता एक सूर असा उतरवून दाखवला तेव्हा शेजारच्या वर्गातला गोंगाट थांबला होता.

त्यांच्या मार्गदर्शक डॉ. रेश्मा राजहंस. स्वतः गायिका, शिस्तीच्या, पण माणूस म्हणून चांगल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी सरांना सांगितलं की बँडचं वाजवणं सोडा. रस्त्यावर आवाज पोचवायचा तर फुंक दांडगी लागते, ओठ आवळून धरावा लागतो, आणि तीच सवय तुमच्या मींडेत उतरते आहे. सरांना ते पटलं. दोन हजार अठराच्या सराईत त्यांनी प्रभुदासला सांगितलं की मी आता येणार नाही. प्रभुदासने बरं म्हटलं आणि बन्सी नावाचा राहुरीचा एक क्लॅरिनेटवाला गाठला. भावांत भांडण झालं नाही. पण सर सांगतात, त्या दिवशी दादाने वडिलांचं क्लॅरिनेट पेटीसकट त्यांच्या घरी आणून ठेवलं आणि चहा न घेताच निघून गेला.

पहिली मैफल एकोणीस साली झाली. दुसरी करोनामुळे लांबली, एकवीसच्या डिसेंबरात झाली. दोन्ही चांगल्या झाल्या. दुसऱ्या मैफलीनंतर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लेखी शेऱ्यात म्हटलं होतं की या वाद्यावर असं काम आपण ऐकलेलं नाही. तो कागद सरांनी मला दाखवला आणि परत घडी घालून वहीत ठेवला. तेवढाच त्यांचा आनंद. प्रबंधाची सहापैकी पाच प्रकरणं तयार होती. तिसरी मैफल बावीसच्या जूनमध्ये ठरली.

करोनात दोन सराया बुडाल्या होत्या. बँडची पोरं पांगली, कुणी रिक्षा घेतली, कुणी पुण्याला गेलं. प्रभुदास हातगाडीवर भाजी विकत होता. बावीसला लग्नं पुन्हा धूमधडाक्यात सुरू झाली आणि त्याने कसाबसा बँड उभा केला, तोच एप्रिलमध्ये बन्सीला कावीळ झाली. प्रभुदास एका रविवारी प्रार्थनेनंतर सरांच्या घरी आला. हन्नावहिनी घरात होत्या. त्या म्हणाल्या, भावजींनी मागितलं असं म्हणता येणार नाही. ते बसले, पाणी प्याले, बन्सीच्या काविळीचं सांगितलं, बुधवारी नेवाशाकडच्या एका गावात परण्या आहे म्हणाले. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाची मारुतीपर्यंत निघते ती मिरवणूक. 

सरांनी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

वहिनींनी त्याच संध्याकाळी त्यांना विचारलं की मॅडमना सांगितलंत का. सर म्हणाले, एका दिवसाचं काय सांगायचं. शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्ज माझ्यासमोर लिहिला. कारण लिहिलं होतं, घरगुती.

त्या बुधवारी काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. चारच्या सुमारास परण्या निघाला. ऊन होतं. पुढे नाचणारे वीस-पंचवीस जण, मग बँड, मागे घोडा. सर क्लॅरिनेट वाजवत पुढच्या रांगेत होते. प्रभुदासने ट्रंपेट आता दुसऱ्याकडे दिलं होतं; तो बँडच्या पुढे, बँडकडे तोंड करून उलटा चालत, हाताने ताल दाखवत. नाचणाऱ्यांतला एक जण, नवरदेवाचा कुणीतरी मेहुणा, वाकून नाचता नाचता मागे सरकत आला आणि गाण्याच्या झटक्यावर त्याने एकदम उडी मारली. त्याच्या डोक्याचा फटका खालून क्लॅरिनेटच्या खालच्या टोकावर बसला. वाद्य पहारीसारखं वर सरांच्या तोंडात घुसलं. त्याने दारू प्यायलेली नव्हती. त्याला कळलंही नाही, तो नाचत पुढे गेला.

वरचे समोरचे दोन दात. एक अर्ध्यात तुटला, दुसरा मुळापासून हलला. खालचा ओठ पत्ती आणि खालचे दात यांच्यामध्ये चेचला जाऊन आरपार फाटला. सर रांगेतून बाजूला झाले. गाणं थांबलं नाही. ट्रंपेटने ते उचललं आणि बँड पुढे गेला. सर एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसले. दुकानातल्या बाईने तांब्याभर पाणी आणि एक फडकं दिलं. क्लॅरिनेट त्यांनी मांडीवर आडवं धरलं होतं. अर्ध्या तासाने गावातल्या कुणीतरी मोटारसायकलवर घालून त्यांना श्रीरामपूरला आणलं. प्रभुदास संध्याकाळी दवाखान्यात आला, अंगात लाल कोट तसाच. तो दारात उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, आत या. तो आत आला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि काय झालं ते मला दिसलं नाही, एवढं म्हणाला.

सात टाके पडले. हललेला दात काढावा लागला, तुटलेल्याचं मूळ ठेवून त्यावर पुढे टोपी बसवली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दात नवे बसतील, खाता-बोलताना अडचण येणार नाही. ओठही भरेल. ओठातल्या नसेचं मात्र सांगता येत नाही. सहा महिने बघू.

सहा महिन्यांनी ओठ बाहेरून इतका छान भरला होता की टाके कुठे होते ते शोधावं लागे. आतून मधोमध रुपयाएवढी जागा बधिर राहिली. चहा प्यायला की ओठाच्या कडेने ओघळ यायचा आणि सरांना तो कळायचा नाही. शाळेत ते समोर बसले असले की मी नुसता स्वतःच्या हनुवटीला हात लावायचो, मग ते रुमालाने पुसायचे. 

ऑगस्टपासून त्यांनी पुन्हा रियाज धरला. शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीत. मी पेपर तपासायला थांबत असे, म्हणून ते माझ्या कानावर पडायचं. आधी तर सूरच निघायचा नाही, नुसती हवा. मग सूर निघायला लागला पण मधेच पत्ती किंचाळायची. वरचे नवे दात माउथपीसवर टेकले की कडक लागायचे, जणू दगडाने काच धरली आहे, असं ते म्हणाले. त्यांनी दातांवर रबराचा तुकडा लावून पाहिला. वरचा ओठ आत दुमडून पाहिला. पत्ती मऊ घेतली, कडक घेतली. खालच्या सप्तकात हळूहळू जमायला लागलं. वर गेलं की डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची. मींड तर त्या ओठावरच होती, आणि तो ओठ कुठवर आवळला आहे हेच त्यांना आता समजत नव्हतं.

"हनुमंत सर," ते एकदा मला म्हणाले, "दुसऱ्याच्या ओठाने वाजवल्यासारखं वाटतं."

मॅडमनी दोनदा मुदत वाढवून आणली. त्यांनी आणखी एक प्रयत्न केला. पहिल्या दोन मैफलींची ध्वनिमुद्रणं होती, दुसऱ्या मैफलीवरचा तो शेरा होता. तिसरी मैफल माफ करून या दोन्हींवर निकाल द्यावा असा अर्ज त्यांनी समितीकडे केला. समितीने नकार दिला. पदवी सादरीकरणाची आहे, सादरीकरण अपुरं ठेवून ती देता येत नाही, असं उत्तर आलं. मला तेव्हा राग आला होता. सरांना आला नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, मीही तेच म्हणालो असतो.

मैफल शेवटी तेवीसच्या फेब्रुवारीत ठरली, दुपारी चार वाजता. सरांनी मुलतानी निवडला होता. दुपार कलतानाचा तो राग, आणि त्यात मींडेशिवाय पाऊल टाकता येत नाही. मॅडमनी दुसरा, सोपा राग घ्या असं सुचवलं होतं. सर म्हणाले, माझा विषय मींड आहे, ती टाळून काय वाजवू.

हन्नावहिनी आणि मी त्यांच्याबरोबर एसटीने पुण्याला गेलो. वाटेत शिक्रापूरच्या पुढे ते डोळे मिटून बसले होते आणि गुडघ्यावर बोटं चालत होती. प्रभुदास आला नाही. त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

सभागृह छोटं होतं. पुढे तीन परीक्षक, मागे विद्यार्थी, आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. सर व्यासपीठावर मांडी घालून बसले. तंबोरे सुरू झाले. पहिली दहा मिनिटं मला खरंच वाटलं की निभावलं. खालच्या सुरांत ते सावकाश फिरत होते, जिथे घसरायचं तिथे घसरत होते. थोडं जड होतं, पण सूर होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मग ते वर निघाले. निषादापर्यंत आले आणि वरच्या षड्जाला हात घालताच पत्ती किंचाळली. सभागृहात कुणी हललं नाही. ते खाली उतरले, पुन्हा तीच वाट धरून वर आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी षड्ज घेतलाच नाही, निषादावर थांबून राहिले, आणि आम्ही सगळे त्या न आलेल्या सुराची वाट बघत बसलो. तोपर्यंत त्यांच्या हनुवटीवरून लाळेची धार शर्टावर आली होती. त्यांना ती कळली नव्हती. पहिल्या रांगेतली एक विद्यार्थिनी मान खाली घालून बसली. वहिनी उठल्या, पदर हातात धरून दोन पावलं पुढे गेल्या आणि मधेच थांबल्या. व्यासपीठावर कसं जायचं.

सरांनी वाद्य तोंडातून काढलं, तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांनी बाहीने हनुवटी पुसली. तासाभराच्या मैफलीची बावीस मिनिटं झाली होती. मधले परीक्षक, वयस्कर गृहस्थ, फार सौजन्याने म्हणाले की थोडी विश्रांती घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा बसू. सर म्हणाले, नको. त्यांनी क्लॅरिनेटचे पाच भाग सुटे केले, एकेक आतून पुसून पेटीत ठेवला, आणि पेटीची कडी लावली. एवढा वेळ सगळं सभागृह बसून होतं. तंबोरेवाल्या मुलींना थांबायचं कधी ते कळत नव्हतं, म्हणून तंबोरे चालू होते.

नंतर मॅडमच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. समितीने असमाधानकारक असा शेरा दिला होता आणि सहा महिन्यांत आणखी एक संधी ठेवली होती. मॅडमनी तो कागद वाचून दाखवला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दहा महिन्यांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अमोलिक, तुम्ही वरातीला का गेलात?"

सर म्हणाले, "भाऊ आला होता, मॅडम."

त्यांनी चष्मा परत चढवला. आम्ही शिवाजीनगरहून साडेसहाची गाडी धरली.

ती आणखी एक संधी त्यांनी घेतली नाही. मॅडम फोन करत राहिल्या. मैफली सोडून नुसत्या लेखी प्रबंधावर पदवी घेता येईल का, याचीही त्यांनी चौकशी केली. उत्तर आलं की ती वेगळी पदवी, तिची नोंदणी नव्याने, पहिल्या दिवसापासून. सर तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. चोवीसच्या जुलैमध्ये पत्र आलं की नोंदणीची मुदत संपल्यामुळे नाव कमी करण्यात येत आहे. दोन ओळींचं पत्र, खाली शिक्का.

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. प्रबंध पुरा करून ठेवायचा म्हणाले; सहावं प्रकरण लिहून झालं होतं, पाचवं सुधारायचं होतं. कशासाठी, असं मी विचारलं नाही. पाचव्या प्रकरणात त्यांनी स्वतःच्या वादनाचं विश्लेषण केलं होतं. मी पंचमावरून असा उतरतो, मी बोट इथे ठेवतो, मी ओठ या वेळी सैल करतो. त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की ही सगळी क्रियापदं भूतकाळात करायची आहेत, आणि माझं व्याकरण कच्चं आहे, तुम्ही करा. मी करायला बसलो. उतरतो, उतरत असे. ठेवतो, ठेवत असे. चौतीस पानं होती. ते शेजारी बसून प्रत्येक पान तपासत होते आणि एखादं राहून गेलं की बोट ठेवून दाखवत होते.

आम्ही त्या पानांवर असतानाच प्रभुदास आला. भर दुपार होती. वहिनींनी त्याला पत्राचं सांगितलं होतं. पंचावन्नचा माणूस सत्तरीचा दिसत होता. मी उठू लागलो तर सरांनी हाताने बसा म्हटलं. प्रभुदास दाराजवळच्या स्टुलावर बसला.  मग बोलला.

"सॅमू, मी त्या दिशी बघितलं हुतं."

सरांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"तुज्या तोंडावर बसलेलं बघितलं. रगत आलेलं बी बघितलं. आन् मी ट्रंपेटला हात केला, गाणं उचल म्हनून." त्याचा आवाज बसका होता. "दवाखान्यात मी सांगितलं का काय झालं ते मला दिसलं न्हाई. ते खोटं हाय."

"मला म्हायती हाय, दादा," सर म्हणाले. "तू हात वर केला तवा माझ्याकडंच बघत हुतास."

प्रभुदासने मान वर केली. "मंग दोन वरसं बोलला न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो हुतो."

हन्नावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना हे दोन्ही नवीन होतं. त्या तशाच मागे वळल्या आणि आत भांड्याचा आवाज झाला. प्रभुदास आणखी थोडा वेळ बसला. मग उठून, भिंतीला धरून चपला घातल्या आणि गेला. सरांनी त्याला थांबवलं नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही, नाही केलं असंही म्हटलं नाही. मी पानं गोळा करायला लागलो तर ते म्हणाले, अजून अकरा राहिलीत.

ती पुरी केली. संध्याकाळी ते मला नेवासा रोडच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. तिथे रसवंतीसमोर उभे राहून त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं. ते म्हणाले, दादाचा राग येत असता तर बरं झालं असतं. मी खूप प्रयत्न केला. रोज सकाळी दात घासताना प्रयत्न करतो. पण मी त्याच्या जागी असतो आणि तो रांगेत असता, तर मीही हात वर केला असता. गाणं तुटू द्यायचं नाही हे आम्हाला वडिलांनी हाडात घालून दिलं आहे. माणूस पडला तरी गाणं चालू ठेवायचं, याच्यात मला लहानपणी काही वावगं दिसलं नाही. मोठेपणीही नाही. ओट्यावर बसून तोंडाला फडकं धरलं होतं, बँड लांब गेला होता, आणि मी काय ऐकत होतो माहीत आहे का? ट्रंपेटने गाणं नीट उचललं का ते. नीट उचललं होतं.

मग ते म्हणाले की उद्या पहिल्या तासाला आठवी ब आहे, आणि परत फिरले.

प्रबंध विद्यापीठात गेला नाही. रेश्मा मॅडमनी एक प्रत मागवून घेतली आणि त्यांच्या विभागाच्या कपाटात ठेवली. दुसरी सरांकडे आहे. प्रभुदासने त्या दिवाळीनंतर लग्नांच्या तारखा घेणं बंद केलं. बन्सी दुसऱ्या बँडात गेला. लाल कोट वसाहतीतल्या कुणाकुणाच्या घरी खुंटीला आहेत. प्रभुदास आता बाजार समितीत कांद्याच्या वखारीवर असतो. सर शाळेत परिपाठाला हार्मोनियम वाजवतात, मुलांकडून समूहगीतं बसवून घेतात. बोटं उत्तम आहेत. मुलांना ते चांगले मास्तर वाटतात, आणि आहेतच. क्लॅरिनेट त्यांनी विकलं नाही आणि उघडलंही नाही. संगीताच्या खोलीतून शाळा सुटल्यावर आता आवाज येत नाही, त्यामुळे मी पेपर घरी नेऊन तपासतो.

गेल्या नाताळला त्यांनी मला देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बोलावलं होतं. मी दर वर्षी जातो, केक खातो, परत येतो. या वेळी जरा लवकर गेलो. अमोलिकांचं बाकडं पुढून तिसरं. प्रभुदास आधीच येऊन भिंतीकडच्या टोकाला बसला होता. सर आले आणि दुसऱ्या टोकाला बसले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. हन्नावहिनी मागून आल्या, दोघांकडे एकदा बघितलं आणि त्या जागेत जाऊन बसल्या. गाणी सुरू झाली तेव्हा तिघंही उभे राहिले. वहिनी गात होत्या. ते दोघं पुस्तक उघडं धरून उभे होते.